माशांच्या टाकीचा चौथा पाय

माझं काम काय असं कोणी विचारलं की मी हॉटेलातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाचं उदाहरण देतो. आपण कॉफी मागवतो, टेबलावर कोपर टेकतो आणि टेबल एका अंगाला कलतं. पेल्यातली कॉफी हिंदकळून खालच्या वाटीत सांडते. मग आपण एखादा कागद शोधतो, त्याची घडी घालतो आणि जो पाय अधांतरी आहे त्याच्याखाली सरकवतो. टेबल गप्प बसतं. मी गेली सत्तावीस वर्षं हेच करतो आहे. टेबलाऐवजी दहा-वीस टनांची यंत्रं असतात आणि कागदाऐवजी पोलादाच्या पातळ चकत्या. त्यांना शिम म्हणतात. इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग करणारे जे कारखाने आहेत, त्यांतली पुष्कळ यंत्रं माझ्या हातच्या शिमांवर उभी आहेत.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, पण आकडे कमी ठेवा, असं संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करतो.

माझं मुख्य हत्यार म्हणजे लेव्हल. गवंड्याकडे असते तीच, एका नळीत द्रव आणि त्यात बुडबुडा, फक्त फार नाजूक. एक मीटर लांबीची पट्टी घ्या आणि तिच्या एका टोकाखाली माणसाच्या केसाचा तिसरा हिस्सा जाडीचं काहीतरी ठेवा. माझ्या लेव्हलचा बुडबुडा तेवढ्यानंही एक घर सरकतो. हे ऐकून लोक हसतात. मग त्यांना हात लेव्हलजवळ धरायला सांगतो. हाताच्या उबेनंही बुडबुडा हलतो. त्यानंतर कोणी हसत नाही.

यंत्र बसवताना दोन गोष्टी बघायच्या असतात. एक कल, दुसरा पीळ. कल म्हणजे सगळं यंत्र एका बाजूला झुकलेलं. हे वाईट, पण सरळ वाईट. पीळ म्हणजे ओला टॉवेल पिळताना त्याची दोन टोकं उलट दिशांना जातात तसं. चारांपैकी एका पायाला आधार नसला की यंत्राचं अंग आपल्याच वजनानं पिळायला लागतं. डोळ्यांना काही दिसत नाही. यंत्र चालतंही. आणि एक दिवस कुठेतरी तडा जातो.

चमत्कारिक गिऱ्हाइकं भेटली. एका कारखान्याचं ग्राइंडिंग मशीन रोज जेवणाच्या सुट्टीनंतर बिघडायचं. सकाळी मी लेव्हल लावून जायचो, दुपारी मालकांचा फोन. ते म्हणाले, "सार, तुमचा बुडबुडा सकाळी एक बोलतो, दुपारी एक." मी दिवसभर त्या यंत्राजवळ स्टूल टाकून बसलो. दुपारी छपराच्या फुटक्या पत्र्यातून उन्हाची एक पट्टी आली आणि यंत्राच्या डाव्या बाजूवर पडली. ओतीव लोखंड तेवढ्या उन्हानं तापून फुगत होतं. पत्रा बदलला आणि माझी अब्रू वाचली. दुसरे एक मालक म्हणाले, मशीनला ईशान्येकडे जरासा उतार द्या, वास्तूला बरं असतं. मी म्हटलं, मशीनला नाही देता येणार, पण भोवतालच्या फरशीला देतो. फरशीला दिला. पाणी नीट वाहून जाऊ लागलं आणि ते अजून मला पोंगलला ऊस पाठवतात.

तिसरी गोष्ट हसण्याची नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्ही एक प्रेस बसवत होतो. चारही पायांखाली शिम होते आणि प्रेस उचलून धरणारे जॅक सोडायचे तेवढे बाकी होते. आमचे वरिष्ठ वाकले आणि चौथ्या पायाखालचा शिम त्यांनी दोन बोटांनी हलवून पाहिला. तो हलला. ते ओरडले नाहीत, हलक्या आवाजात म्हणाले, "सगळे मागे या. कोणीही काहीही उचलायला वाकू नका." आम्ही मागे आलो. जॅक सोडल्यावर प्रेस त्या पायावर कलला. फार नाही, करंगळीच्या नखाएवढा. पण तिथे एक फळी राहिली होती. ती फुटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी मला शिकवलं गेलं की हातानं निघणारा शिम म्हणजे न टेकलेला पाय, आणि न टेकलेल्या पायाजवळ माणूस नको.

आता घरची गोष्ट. हे सगळं तिच्यासाठीच सांगितलं.

आम्ही वेस्ट मांबलममध्ये एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. घरात चार माणसं. माझे वडील अप्पा, त्यांची विधवा बहीण कमलाआत्या, माझी बायको वृंदा आणि मी. आम्ही तंजावरकडचे मराठी, म्हणून अप्पा जुनी तंजावरी बोलायचे आणि आत्या अजून बोलते, निम्मी तमिळमध्ये भिजलेली. वृंदा सांगलीची, घरी मुलांना गणित शिकवते. मी आज जे मराठी लिहितो आहे ते तिच्याकडून शिकलेलं.

अप्पा मैलापूरच्या एका कचेरीत हिशेबनीस होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण गेली. शुद्ध आहे, समज आहे, पण बाहेर काही येत नाही. डाव्या हातानं ते खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटाच्या पेरानं ठोकतात. भूक लागली की ठोकतात, कूस बदलायची असली की ठोकतात. काय हवं ते आपण ओळखायचं. पहिले काही महिने ते दिवसभर छताकडे बघून डोळ्यांतून पाणी काढायचे. मग वृंदानं माशांची टाकी आणायचं सुचवलं.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दोनशेहून जास्त लिटर पाणी. काच, खडी, लोखंडी स्टँड धरून तीनशे किलोंच्या वर. मी ती दिवाणखान्यात अप्पांच्या खाटेला लागून भिंतीशी ठेवली आणि चार पायांखाली माझे शिम घालून अशी लेव्हल केली की दुकानदार बघत राहिला. पाणी भरल्यावर पुन्हा तपासली, महिन्यानंतर पुन्हा. अप्पांचं रडणं थांबलं. ते कुशीवर पडून मासे बघायचे. एकदा साफसफाईसाठी टाकी अर्ध्या दिवसासाठी रिकामी केली तर त्यांनी घास घेतला नाही. म्हणजे टाकी तिथून हलवणं हा प्रश्नच उरला नव्हता.

गेल्या पावसाळ्याआधी शेजारचं जुनं घर पाडलं आणि तिथे मोठी इमारत उठू लागली. जमिनीत खांब ठोकणारं यंत्र आलं. ठोक पडला की आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. टाकीतल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या उठायच्या आणि मासे खाली जाऊन खडीशी थांबायचे. तेव्हापासून मी संध्याकाळी घरी आलो की आधी बुडबुडा बघायचो. काही हललं नव्हतं. नवरात्र आलं, आत्यानं दिवाणखान्यात कोलू, म्हणजे बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांची आरास, मांडली, आणि त्या गडबडीत माझं बघणं काही दिवस राहून गेलं.

आयुधपूजेचा दिवस. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे नवमीला ज्याचं जे हत्यार ते देवीपुढे मांडतात, गंध-कुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. पुस्तकं, लेखण्या, सगळं त्यात आलं. कारखान्यातली पूजा सकाळी होते. मी तिकडे गेलो होतो. यंत्रांना झेंडूच्या माळा, गाड्यांच्या चाकांखाली लिंबं, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडलेला. निघण्याआधी आत्याला सांगून गेलो होतो की माझी निळी पिशवी कपाटात आहे, तिच्यातलं सगळं पूजेला ठेव, काही सुटता कामा नये.

दुपारी चुरमुऱ्यांची पुडी घेऊन परतलो. शेजारचं काम बंद होतं. त्यांच्या यंत्रालाही माळ घातलेली होती. बऱ्याच दिवसांनी गल्ली शांत होती, आणि त्या शांततेत जिन्यातच मला अप्पांचं ठोकणं ऐकू आलं.

"सकाळपासून चाललंय," वृंदा म्हणाली. "पाणी दिलं, कूस बदलली, चादर बदलली. थांबतच नाहीत."

"बायका येऊन गेल्या की अस्क्या, कोलू बघाया," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "गलाट्यानं त्रास झाला त्याक. शुंडल दे थोडा वाटून." अस्क्या म्हणजे सगळ्या, आणि शुंडल ही नवरात्रातली हरभऱ्याची उसळ.

मी अप्पांजवळ गेलो. ते माझ्याकडे बघत नव्हते, टाकीकडे बघत होते. मीही बघितलं.

टाकीच्या वरच्या काठाला काळी पट्टी आहे. पाणी त्या पट्टीच्या खाली सगळीकडे सारखं असायचं. आज ते अप्पांच्या उशीकडच्या कोपऱ्यात पट्टीला जवळजवळ लागलं होतं आणि पलीकडे खाली उतरलं होतं. पाणी कलत नाही, टाकी कलते.

पहिला विचार इमारतीचा आला. शेजारचा खड्डा आमच्या पायाखालची माती ओढतो आहे, स्लॅब खचते आहे, आणि खाली तळमजल्यावर माणसं जेवायला बसली आहेत. दुसरा विचार त्याहून वाईट होता. हा नुसता कल आहे की पीळ? कल असला तर वेळ आहे. पीळ असला तर काचा ज्या सिलिकॉननं जोडल्या आहेत तो चिकटा कोपऱ्यातून सुटत असेल. दोनशे लिटर पाणी आणि काच, आणि हातभर अंतरावर उठता न येणारा माणूस.

"लेव्हल दे," मी म्हणालो.

"पूजेंत आहे," आत्या म्हणाली.

"स्टीलची पट्टी?"

"तीही."

"वृंदा, तुझी कंपासपेटी?"

"अहो, सगळंच आहे तिथे. पेन्सिलसुद्धा नाही घरात," वृंदा म्हणाली. माझा चेहरा बघून ती हात पुसत पुढे आली. "काय झालं?"

"हात लावूं नको हां, श्रीनि," आत्या दारात येऊन म्हणाली. "उद्यां सकाळीं काढू. आजच्या दिवशीं नोको."

आकड्यांवर जगणारा मी माणूस, आणि घरात मोजायला एक सेंटिमीटर शिल्लक नव्हता. मी कोठीतून नवा खराटा काढला आणि त्याच्या चार काड्या मोडून घेतल्या. टाकीचं झाकण अलगद उचललं. प्रत्येक कोपऱ्यात काठापाशी नख धरून काडी खाली सोडायची, टोक पाण्याला टेकलं की नखापाशी मोडायची. चार कोपरे, चार तुकडे. टाकीला माझं मनगट लागू नये म्हणून श्वास धरून करत होतो.

गणित सोपं आहे. टाकी सपाट राहून नुसती कलली असेल तर एका कर्णावरच्या दोन कोपऱ्यांची बेरीज आणि उरलेल्या दोघांची बेरीज सारखी येते. मी एका कर्णाचे दोन तुकडे जमिनीवर एकापुढे एक ठेवले. त्यांच्या शेजारी दुसरे दोन ठेवले. वृंदा गणिताचीच, तिला सांगावं लागलं नाही. दुसरी जोडी तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी लांब होती.

"पिळली आहे," ती म्हणाली.

"हो."

"किती वेळ आहे आपल्याकडे?"

कारखान्यात मी अशा प्रश्नांना उत्तर देतो. तिथे लोखंड असतं आणि त्याचे तक्ते असतात. काचेचा तक्ता माझ्याकडे नव्हता.

मी जमिनीवर पालथा झोपलो आणि गाल फरशीला लावून स्टँडखाली बघितलं. पलीकडचे तीन पाय आपापल्या शिमांवर घट्ट होते. अप्पांच्या उशीकडचा चौथा पाय हवेत होता. त्याच्याखाली शिम नव्हते. फरशी आणि पाय यांच्यामध्ये उजेडाची एक चीर दिसत होती.

"आत्या," मी झोपल्या जागेवरून म्हणालो, "इथल्या लोखंडी चकत्या कुणी घेतल्या?"

"पूजेंत ठेवलें की," ती म्हणाली. "तूच सांगितलास न्हवे, अस्की ठेव, कांही सुटूं नको म्हणून. पिशवींत असली चकत्याच होत्या. खालीं झाडतांना तसलीच इथें दिसली. ती पण तुझीच न्हवे? एकटी राहिली तर देवीक बरें दिसेल का?"

मी मान वळवली. कोलूच्या सर्वांत खालच्या पायरीवर तांब्याच्या ताटात माझी लेव्हल होती, पान्हे होते, आणि एका बाजूला त्या पायाखालचे दोन शिम, धुऊन पुसून, प्रत्येकाला गंधाचं बोट आणि कुंकवाचा टिळा लावलेले.

"कशा निघाल्या?" मी विचारलं. "ओढाव्या लागल्या?"

"ओढणें कसलें. खराट्याक लागून आपसुक बाहेर आल्या."

हे ऐकल्यावर मला खरी भीती वाटली. शिम जागेवर असता, वर तीनशे किलोंची टाकी असती, तर तो कोणाच्याही खराट्यानं निघाला नसता. म्हणजे तो आधीच सैल होता. पाय आधीच अधांतरी होता. आत्यानं काढला तेव्हा फक्त तो कोपरा आणखी खाली वाकायला मोकळा झाला. मी बोटानं त्या पायाजवळची फरशी ठोकून पाहिली. आवाज पोकळ आला. बाजूच्या फरशा भरीव वाजत होत्या. शेजारच्या ठोक्यांनी त्या एका फरशीखालचा सिमेंटचा थर सुटून ती बसली होती. इमारत नाही, एक फरशी.

मी तसाच पालथा असताना माझ्या लक्षात आलं की ठोकणं थांबलं आहे.

माझं डोकं जमिनीवर होतं आणि अप्पांची खाट बुटकी आहे. मी वर बघितलं. त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि डावा हात दांड्यापासून वर उचललेला, तसाच थांबलेला. त्या उशीवरून स्टँडखालची ती चीर सरळ दिसते. उभ्या माणसाला दिसत नाही, खुर्चीवर बसलेल्याला दिसत नाही. घरात फक्त त्यांनाच दिसत होती.

"वृंदा," मी म्हणालो, "हे ठोकणं आजच सुरू झालं?"

तिनं खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही. तीन-चार दिवस झाले. खांब ठोकायला लागले की हेही सुरू करायचे. मला वाटलं आवाजाचा त्रास होतोय. मी खिडकी लावून घ्यायची."

पुढचं सगळं हळू करायचं होतं आणि मला घाई झाली होती. खाट पलीकडची भिंत आणि टाकी यांच्यामध्ये अडकलेली. ती ओढताना स्टँडला धक्का लागणारच. पाणी काढायचं तर त्यालाही वेळ लागणार आणि तेवढा वेळ अप्पा तिथेच पडून. आधी त्या पायाला टेकू हवा होता.

"आत्या, मला त्या दोन चकत्या लागतील," मी म्हणालो.

ती ताटापुढे येऊन उभी राहिली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. "अण्णाक कांही होईल का रे?" तिनं अप्पांकडे बघत विचारलं. आणि मी उत्तर देण्याआधीच बाजूला झाली. "घे. देवीक मी सांगतें."

पण मीच थांबलो. पूजेमुळे नाही. ते शिम ज्या फरशीसाठी मोजले होते ती फरशी आता तिथे नव्हती. फट वेगळी झाली होती. जुना शिम सैल बसला असता आणि सैल शिम हा खोटा आधार असतो. मला पातळ थरांचं काहीतरी हवं होतं, एकेक थर वाढवत जाता येईल असं.

"लग्नपत्रिका," वृंदा म्हणाली. आमच्याकडे टेलिफोनच्या कप्प्यात आलेल्या सगळ्या पत्रिका साठतात. जाड, चकचकीत, सोनेरी काठाच्या.

"त्या तरी पूजेत नाहीत ना?"

"पत्रिका म्हणजे पुस्तक न्हवे," आत्या म्हणाली. "घाला."

मी पत्रिकांच्या पट्ट्या फाडल्या. बोटं त्या पायाखाली घालायची नाहीत, हे मला प्रेसखालच्या त्या फळीनं शिकवलं होतं. म्हणून खराट्याच्या काडीनं एकेक पट्टी आत ढकलली. एक गेली, दुसरी गेली. कोणाचा मुहूर्त, कोणाचं निमंत्रण, आडवंउभं. वृंदा काठावरचं पाणी बघत होती. "हलत नाहीये," ती सांगत होती, "हलत नाहीये." चौथी पट्टी जाताना अडखळली. पाचवी अर्ध्यावर थांबली आणि पुढे सरकेना. मी तिला काडीनं ओढून बघितलं. निघाली नाही. पाय टेकला होता.

सत्तावीस वर्षं केसाच्या तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब करून मी शेवटी हॉटेलातल्या टेबलाखाली कागद घातला होता.

मग आम्ही तिघांनी खाट उचलून बाहेर काढली. ओढली नाही. आत्यानं उशी धरली होती. अप्पांना आतल्या खोलीच्या दारात आणलं, टाकी दिसेल अशी. रबरी नळी पूजेत नव्हती. मी तिनं पाणी न्हाणीघरात सोडलं. पाणी खाली जाऊ लागलं तसं अप्पांचं ठोकणं पुन्हा सुरू झालं, पण हे ठोकणं आम्हाला माहीत होतं. वृंदा त्यांच्याजवळ बसली आणि प्रत्येक वेळी सांगत राहिली, "मासे आहेत, अप्पा. सगळे आहेत. थोडं पाणी ठेवणार आहोत." एक तृतीयांश ठेवलं. मासे त्यात दाटीनं फिरत राहिले. कोपऱ्यातला सिलिकॉन मी टॉर्च लावून तपासला. आतल्या बाजूनं एक पांढरट रेघ आली होती, बोटाएवढी. बाहेरपर्यंत पोचली नव्हती.

आत्या ताटापुढे बसून रडत होती. "मीच की रे काढलें," ती म्हणाली.

"तू काढल्यास म्हणून दिसलं," मी म्हणालो. "त्या चकत्या तिथेच राहिल्या असत्या तर मला अजून कळलं नसतं. उद्या सकाळी ते पुन्हा खांब ठोकणार आहेत."

हे तिला समजवायला म्हणालो नव्हतो. ते खरं होतं.

विजयादशमीला सकाळी आत्यानं आरती केली, कापूर उतरवला, आणि ताटातली लेव्हल स्वतः उचलून माझ्या हातात दिली. मी ती पोकळ फरशी काढली, खाली ताजं सिमेंट भरलं. स्टँडच्या पायांखाली जाड प्लायवूडचा अखंड तक्ता घातला, म्हणजे वजन एका फरशीवर येणार नाही. कोपऱ्याचा जोड दुकानदारानं येऊन नवा केला, वाळायला ठेवला, आणि मासे काही दिवस दोन टबांत अप्पांच्या उशाशी राहिले. हे सगळं मागाहून झालं. पण त्या सकाळी पाणी अजून तृतीयांश होतं, पाय अजून पत्रिकांवर होता, आणि खिडकीतून नारळ फुटल्याचा आवाज आला. शेजारचे लोक आपल्या यंत्राची माळ उतरवत होते.

"लावू का खिडकी?" वृंदानं विचारलं.

"नको," मी म्हणालो.

पहिला ठोक पडला. फळीवरची भांडी किणकिणली. वृंदा आणि आत्या, दोघींनी एकदम टाकीकडे बघितलं. मी माझी लेव्हल हातात घेऊन उभा होतो, बुडबुडा नळीत इकडून तिकडे पळत होता, आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो. सिद्ध करता येणार नाही, पण मला वाटतं, अप्पा इतके दिवस आम्हाला बोलावत नव्हते. ठोक पडला की तो सैल पाय शिमावर आपटत असणार, त्यांच्या कानाशी, लोखंडावर लोखंड. ते तोच आवाज आम्हाला करून दाखवत होते.

दुसरा ठोक पडला. मी अप्पांच्या हाताकडे बघत होतो. तो दांड्यावर पडून होता, हलला नाही.

शेजारची इमारत आता सहाव्या मजल्यावर गेली आहे. खांब कधीच संपले, पण काही ना काही आदळतच असतं. मी अजून रोज संध्याकाळी बुडबुडा बघतो. त्याआधी, चप्पल काढतानाच, दारात थांबून ऐकतो.

घर शांत असलं की मग आत जातो.